खोबऱ्यात अडकलेला दात

माझा वरचा, समोरचा दात काळा होता अन् ते आख्ख्या पेडगावला ठाऊक होतं. लपवायला ती काय चोरी होती? मी हसले की लोकांला आधी दात दिसायचा, मग मी. पोरी चिडवायच्या, मी पण त्यांला सोडत नव्हते. माझी जीभ तवापासूनच तिखट हाय, तिचा अन् दाताचा काही संबंध न्हाई.

तो काळा कशानं झाला ते आधी ऐका. मी लहान होते, परकर नेसायची. दादा, म्हंजे माझा थोरला भाऊ सुग्रीव, मारुतीच्या पारापुढं विटीदांडू खेळायलाला. मी बाबांची भाकर घेऊन शेताकडं निघालेली. त्यानं टोला हाणला अन् विटी आली ती सरळ माझ्या तोंडावर. भाकर मातीत, तोंडात रगत. दादा पळत आला अन् त्यानं माझे पाय धरले. "दगडे, बाबांला सांगू नको. जित्ता ठेवायचे न्हाईत मला," म्हणला. आमचे बाबा, व्यंकटराव, हात उचलला की मोजीत नसत. मी घरी जाऊन सांगितलं, बांधावरून पडले. भाकर मातीत घातली म्हणून उलट मलाच एक चापट बसली. मी गुमान खाल्ली.

दात पडला न्हाई. जागेवरच राहिला, पर हळूहळू निळसर झाला, मग राखेवानी, मग काळा. आतल्या आत मेला तो. बाकीचे दात मातर आसे होते की बाया कौतिक करायच्या. भाजलेले चिंचोके मी दातानं फोडायची. ऊस सोलायला मला कदी विळा लागला न्हाई. माझ्या आधीच्या दोन बहिणी जगल्या न्हाईत, म्हणून मायनं माझं नाव दगडा ठेवलेलं, अन् माय म्हणायची, नावाचा गुण दातात उतरला.

मायचे सोताचे दात तर आख्खे काळे होते. दातवण लावायची ती. तिच्या वेळच्या समद्या सवाशिणी लावायच्या, अन् काळेभोर दात म्हंजे बाईची शोभा. तिचे बत्तीस काळे ती शोभा, अन् माझा एक काळा ती खोट. हे गणित मला आजपस्तोर सुटलं न्हाई. पाहुणे मला बघायला यायचे, पोहे खायचे, मला नाव विचारायचे. मी तोंड उघडलं की एकमेकांकडं बघायचे अन् कळवतो म्हणून जायचे. कळवायचं कुणीच न्हाई.

आपला जिल्हा हैद्राबादेतून सुटून मुंबई राज्याकडं गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दादा तोवर पूर्णेला रेल्वेत खलाशी लागला होता, इंजिनाच्या शेडमधी. त्याला तिथं मान होता, निदान तो तरी तसं सांगायचा. एक दिवस आला अन् मायला म्हणला, "पूर्णेला दाताचा डाक्टर आलाय. बन्सीधर नाव. हैद्राबादेत शिकलेला. मेलेला दात पांढरा करतो. दगडीला न्हेतो."

मायला आधी पटंना. मेलेलं कुणी पांढरं करतं का, म्हणली. पर मला लय आनंद झाला. मनात म्हणलं, बघा, दादा विसरला न्हाई. त्याची विटी होती, त्याला चुटपूट आसंलच ना. मी त्याच्यासंगं पेडगावच्या टेशनावर गाडीत बसले अन् पूर्णेला त्याच्या क्वार्टरमधी वैनीपाशी राह्यले.

बन्सीधर डाक्टर म्हंजे वाळका, चष्मेवाला माणूस. बोलायचा मराठी, पर मधी मधी हैद्राबादी यायची. त्यानं मला खुर्चीत बसवलं, दाताला मागून बारीक भोक पाडलं. मेलेल्या दाताला दुखतंय थोडंच. आत औषधाचा बोळा ठेवला अन् वरून दिव्याची धग दिली. नाकात आसा वास घुसला की डोळ्याला धार लागली. दर खेपेला बोळा बदलायचा. दुसऱ्या खेपेला दात राखेवानी झाला, पुढं पिवळा, अन् शेवटी एक दिवस त्यानं माझ्या हातात आरसा दिला. मी बघतच राह्यले. पांढरा. शेजारच्या दातापरीस पांढरा. मी हसले, तोंड मिटलं, पुन्ना हसले. मला कदी वाटलं नव्हतं की मी दिसायला बरी हाय.

त्याच दिवशी त्यानं भोक सिमेंटनं बुजवलं अन् म्हणला, "अर्धा घंटा तोंड उघडू नका. बाहेर बसा." मी बाकड्यावर तोंड दाबून बसले. डाक्टरनं दादाला आत बोलावलं. त्या वक्ताला तशीच रीत होती. दुखणं बाईचं आसलं तरी सांगणं मालकाला, मालक न्हाई तर भावाला. दार अर्धं उघडं होतं. डाक्टर बोटानं सोताचा दात ठोकून काही सांगायलाला अन् दादा मान हालवायलाला. ऐकू काही येत नव्हतं, इंजिनं सारखी शिट्ट्या मारायलाली.

घरी येताना मी विचारलं, "काय म्हणला डाक्टर?"

"काय म्हणायचंय? झालं म्हणला. दगडावानी झालाय दात."

"ऊस खाऊ?"

"आता ऊस कुठाय? लगीन कर, मग खा," म्हणला अन् हसला. मी पण हसले. आता हसायला मला कुणाची भीती होती?

मग राणीसावरगावचं स्थळ आलं. गंगाखेडच्या तिकडं, लांब. मुलगा वैजीनाथ, शाळामास्तर. पोलीस ॲक्शननंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यात लागलेला. स्थळ दादानंच काढलं होतं, रेल्वेतल्या वळखीनं. बघायला मास्तरचे वडील आप्पाराव आले अन् आई बायनाबाई आल्या. बायनाबाई म्हंजे करारी बाई. मला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, हसायला लावलं. माझ्या तोंडाकडं बघून म्हणल्या, "दात छान हायेत पोरीचे."

मी आत गेले अन् दादाला बोलावून घेतलं. म्हणलं, "दादा, सांगून टाकू या. एक दात केलेला हाय म्हणून. त्यात काय? मागून कळलं तर वंगाळ दिसंल."

दादा म्हणला, "मी काय येडा हाय का? परभणीच्या टेशनावरच आप्पारावांच्या कानावर घातलंय. त्यांची कायबी हरकत न्हाई. पर तू बायांमधी काढू नको. बायांच्या तोंडी गेलं की घरचं गावचं होतं."

मला पटलं. बाप्यांनी बैठकीत बोलायचं अन् बायांनी मान हालवायची, आमच्यात सोयरीक आशीच जुळती. जे बैठकीत बोललं गेलं, ते बोललं गेलं. मी माझ्या भावाच्या शब्दावर विसंबून राह्यले. आता मला सांगा, सख्ख्या भावाच्या शब्दावर विसंबायचं न्हाई तर मग कुणाच्या?

लगीन पेडगावला लागलं, थाटात. वरात राणीसावरगावला गेली. माहेरची चार माणसं माझ्यासंगं आली, त्यात दादा. नवा शर्ट, खिशाला रेल्वेचा बिल्ला. दुसऱ्या दिवशी हळद उतरायची अन् नवरा-नवरीचे खेळ. अंगणात मांडवाखाली समद्या बाया जमल्या. अंघोळी झाल्या, सुपारीचा खेळ झाला, मग खोबरं तोडायचा. तुमाला ठाऊक आसंल, नवरीनं खोबऱ्याचा तुकडा दातात धरायचा अन् नवऱ्यानं हात न लावता दातानंच तो तोडायचा. नवरीनं सहज सोडायचा नसतो. जी सोडती ती जलमभर नमती, आसं बाया म्हणत्यात.

आधी नाव घ्यायला लावलं. मी घेतलं, "पेडगावची वाट राणीसावरगावला मिळाली, वैजीनाथरावांच्या नावानं दगडाला फुलं आली." बाया खदखदल्या. मास्तर पण हसले. ते हसणं मला आवडलं. मी मनात म्हणलं, हा माणूस चांगला हाय.

नणंदेनं मुद्दाम जाड, वाळकं खोबरं आणलं अन् माझ्या तोंडाशी धरलं. "वैनी, सोडू नका बरं. आमचा दादा शाळेत लय रुबाब करतो," म्हणली. मी म्हणलं, "आण इकडं. चिंचोके फोडणारी हाय मी." अन् समोरच्या दातानंच गच्च धरलं. मास्तरांनी दुसऱ्या बाजूनं धरून वढलं. मी सोडते होय? मी आणखी दाबलं.

कट् आवाज आला. मला वाटलं, खोबरं तुटलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर खोबरं तोंडातून काढून हातात घेऊन बघायलाले, अन् बघतच राह्यले. खोबऱ्यात माझा दात रुतला होता. मुळापासून मोडलेला. माझ्या तोंडात वाळूवानी कचकच लागली, ते सिमेंट होतं.

बायनाबाईंनी खोबरं त्यांच्या हातातून घेतलं. दात उपसून तळव्यावर ठेवला. वरून पांढराफेक, आतून पोकळ. कवडी पालथी करून बघावी तसा त्यांनी तो उलटा केला अन् म्हणल्या, "हे काय हाय? ही चुन्याची भरणी कशाची?"

टाळ्या थांबल्या. मला लाज वाटली, पर भीती न्हाई वाटली. खरं सांगते. मी पदर तोंडाला लावला अन् म्हणलं, "आत्याबाई, तो दात डाक्टरकडून केलेला हाय. मामंजीला ठाऊक हाय. दादानं बोली व्हायच्या आधीच सांगितलंय त्यांला."

आप्पाराव सोप्यात बसले होते, उठून आले. "मला?" म्हणले. "मला कुणी काय सांगितलं न्हाई, सूनबाई."

मी म्हणलं, "दादाला बोलवा."

दादा आला. समद्यांची नजर त्याच्यावर. आप्पारावांनी शांतपणं विचारलं, "सुग्रीवराव, पोरगी म्हणती तुमी मला दाताचं बोलला होता. कवा बोलला?"

मी त्याच्याकडं बघायलाले. आजून बी मला वाटायलालं, विसरले आसतील मामंजी, दादा आता आठवण करून देईल. फार तर म्हणंल, चुकलं, राह्यलं सांगायचं. तेवढं म्हणला आसता तरी मी निभावून न्हेलं आसतं. त्याच्यासाठी मी एकदा बांधावरून पडले होते.

दादा बिल्ल्याशी चाळा करीत म्हणला, "मला काय ठाव, मामा? मी नोकरीवर आसतो. पूर्णेला आलती ती चार दिस तिच्या वैनीकडं. बायांनी काय केलं, कुठं गेल्या, मला कोण सांगतंय. माझ्या अपरोक्ष झालं आसंल काय झालं ते. तिलाच इचारा."

तिलाच इचारा. माझा हात धरून त्या दवाखान्याची पायरी चढवणारा माणूस म्हणला, तिलाच इचारा. दात मोडला तवा दुखलं न्हाई मला, तो मेलेलाच होता. हे दुखलं. मला शब्द फुटंना. अन् मी बोलले न्हाई म्हणून समद्यांला वाटलं, हिला बोलायला तोंड न्हाई. एक बाई मागून म्हणली, "पोर लबाड निघाली." दुसरी म्हणली, "भाऊ बिचारा भोळा हाय."

आप्पाराव म्हणले, "दाताचं काय न्हाई. दात कुणाचा बी पडतो. पर पहिल्याच दिवशी फसवणूक, अन् वरून भावावर घालणं, हे आमच्या घरात चालायचं न्हाई. सुग्रीवराव, घेऊन जा तुमची बहीण."

दादा काय म्हणला ठाऊक हाय? "तुमी म्हणाल तसं, मामा." मान खाली घालून. जसं काही ह्या समद्यात त्याचाच घात झालाय.

तवा मला वाचा फुटली. मी म्हणलं, "मी न्हाई जात. ह्याच्यासंगं तर मुळीच न्हाई. मास्तर, पूर्णेला बन्सीधर नावाचा डाक्टर हाय. त्यांला जाऊन इचारा, मला कुणी आणलं होतं. मग मला हाकलून द्या. मी चालत जाईन पेडगावला."

मास्तर पुढं आले. त्यांनी आईच्या हातातला दात घेतला, रुमालात बांधला अन् म्हणले, "जाऊन येतो." बस, एवढंच. दादाकडं मी बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. ड्युटी हाय म्हणून तो दुपारीच गाडी धरायला निघून गेला, मला न भेटता.

माझी पत्र्याची पेटी सोप्यात होती, तिथंच राह्यली. आत घ्यायची का बाहेर काढायची, ते ठरायचं होतं. मी पेटीपाशी बसून राह्यचे. बायनाबाई ताट पुढं ठेवायच्या, बोलायच्या न्हाईत. त्या दिवसांत मला एकच वाटायचं, डाक्टर सापडला न्हाई तर? तो बी म्हणला, मला काय ठाव, तर?

मास्तर आले ते घामाघूम. गंगाखेडपासून पायी आले होते. पाणी प्याले अन् आईवडलांना दोघांलाबी सोप्यात बोलावलं. माझ्यासमोरच सांगितलं. "डाक्टरनं दात वळखला. म्हणला, मेलेला दात औषधानं पांढरा होतो, पर जित्ता होत न्हाई. औषध त्याला आतून ठिसूळ करतं. अन् औषधाची हवा दातात राहती, ती निघून जायला पंधरा दिवस लागत्यात, तोवर सिमेंट नीट धरीत न्हाई. डाक्टर म्हणला, मी भावाला सांगितलं होतं, आता भरायचा न्हाई, पंधरा दिवसांनी या. तो म्हणला, पाहुणे यायलेत, मला रजा न्हाई, आजच बुजवा. बुजवला. अन् दोनदा सांगितलं, ह्या दातानं कठीण काही चावायचं न्हाई, जलमभर न्हाई. बहिणीला नीट समजावा."

आप्पारावांनी विचारलं, "पोरीला कामून न्हाई सांगितलं मग त्या डाक्टरनं?"

"तेच मी इचारलं. म्हणला, भाई साथ होता ना," मास्तर म्हणले.

आप्पाराव उठून बैलांकडं गेले. बायनाबाई आत गेल्या, अन् मला वाटलं, ह्या बी गेल्या. तर त्या भाकर घेऊन आल्या. काठ मोडून मधला मऊ पापुद्रा दुधात कुस्करला अन् माझ्यापुढं ठेवला. मास्तरांनी पेटी उचलली अन् आत न्हेली. मी तवा रडले. तोवर न्हाई रडले.

पंचमीला दादा मुराळी म्हणून आला, मला माहेरी न्यायला. मायनं धाडला आसंल. मला एकटी गाठून म्हणला, "दगडे, जाऊ दे आता. चार माणसांत मला काही सुचंना. इज्जतीचा सवाल होता. डाक्टरशी बोललोय मी, नवा दात बसवून देतो. सोन्याचा."

मी म्हणलं, "विटी लागली तवा मला सुचलं होतं, दादा. मी लेकरू होते."

तो खाली बघायला लागला. मी म्हणलं, "सोनं नको. मामंजी बाहेर बाजेवर बसलेत. शेजारची माणसं बी हायेत. त्यांच्यापुढं एवढंच म्हण, दगडीला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. लगेच पातळ बदलते अन् येते तुझ्यासंगं. पंचमीला झोका खेळायची मला बी हौस हाय."

त्यानं च्या पिला. मामंजीजवळ बसून पाऊसपाण्याचं बोलला, रेल्वेचं बोलला. मी दाराआड उभी राहून ऐकायलाले. आता म्हणंल, आता म्हणंल. मग त्यानं पिशवी उचलली, राम राम केला अन् गेला. ती पंचमी मी सावरगावलाच केली, अन् पुढच्या समद्या.

दात मी बसवला न्हाई. मास्तर म्हणायचे, चल, परभणीला आता चांगले डाक्टर झालेत. मी म्हणायचे, राहू द्या. बसवला आसता तर त्याला वाटलं आसतं, मिटलं. माय गेली तवा पेडगावला गेले, दादा समोर आला, तर मी पदर तोंडावर घेतला न्हाई. बघ म्हणलं, नीट बघ.

आता ह्या वयात कुणाचेच दात ऱ्हात न्हाईत, माझ्या त्या खिंडीचं कुणाला काय वाटत न्हाई. पर नातवंडं चौकस. परवा धाकटा मांडीवर बसला अन् बोट घालून इचारायलाला, "आज्जी, हा दात सगळ्यांच्या आधी कसा गेला? पडलीस होय गं तू?"

मी म्हणलं, "न्हाई रे बाळा. मी कदीच पडले नव्हते."